वाडा पुण्याहून निघाला नाही

महाराष्ट्रातल्या जुन्या घरांवरची पुस्तके अलीकडे बरीच निघू लागली आहेत. गुळगुळीत कागद, पानभर छायाचित्रे आणि सामान्य वाचकाने चाळून परत ठेवावे अशी किंमत. बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. आरंभी शनिवारवाडा. मग विश्रामबाग, नाना वाडा. मग लेखक मेणवलीला जातो, वाईच्या घाटावर जरा टेकतो, नाशिक-चांदवडकडून फिरून येतो आणि उरलेला महाराष्ट्र ‘इतर वाडे’ नावाच्या प्रकरणात दाटीवाटीने बसवतो. सुरूच्या खांबाला टेकून उभी असलेली, नऊवारीतली कुणीतरी मधल्या पानांत असतेच. रहिमतपूरसारख्या गावाच्या वाट्याला आलीच तर छायाचित्राखालची एक ओळ येते, आणि तीही ‘पेशवेकालीन वाडा’ अशी.

त्या ओळीमागे एक सिद्धान्त आहे. तो आता इतका रुळला आहे की त्याला कुणी सिद्धान्त म्हणतही नाही. वाडा हा गृहप्रकार पेशव्यांच्या पुण्यात घडला आणि तिथून सरदारांच्या मागोमाग गावोगाव पसरला, असे तो सांगतो. म्हणजे पुण्याचा तो मूळचा आणि साताऱ्या-सांगलीकडचा त्याची लहानमोठी नक्कल. हे मत चुकीचे आहे, हे मला या लेखात दाखवायचे आहे. निवाडा वाचकांनी करावा.

पूर्वपक्ष दुबळा नाही, म्हणून तो आधी नीट मांडला पाहिजे. थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी शनिवारवाड्याची पायाभरणी केली आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. खर्च आला १६,११० रुपये. सागवान जुन्नरच्या रानातून आले, दगड चिंचवडचा आणि चुना जेजुरीचा. हे सारे कागदोपत्री नोंदलेले आहे. त्याआधी मराठी मुलखात किल्ले होते, गढ्या होत्या. पण एकामागोमाग चौक, कोरीव खांब, महिरपी आणि माड्यांवर माड्या असे शहरी घर आपल्याला पुण्यातच प्रथम ठळकपणे दिसते. याच काळात मराठी फौजा माळव्यात, गुजरातेत, बुंदेलखंडात आणि दिल्लीपर्यंत फिरत होत्या. तिथल्या हवेल्या सरदारांनी पाहिल्या. सुरूचा खांब आणि पाकळ्यांची महिरप त्यांच्याबरोबर दक्षिणेत आली. पुढे हे सरदार आपापल्या जहागिरीत घरे बांधू लागले, तेव्हा डोळ्यांसमोर नमुना पुण्याचा होता. शिवाय आज उभे असलेले बहुतेक वाडे १७५० नंतरचेच निघतात. इतका पुरावा असताना शंका कशाला?

यातले एकेक विधान सुटे घेतले तर खरे आहे. त्यांची बेरीज मात्र चुकली आहे.

शेवटच्या विधानापासून सुरुवात करू, कारण बाकीची इमारत त्यावरच उभी आहे. जुने वाडे १७५० नंतरचे सापडतात, हे खरे. पण जे टिकले ते पहिले, असा नियम कुणी केला? वाडा लाकडाचा असतो. लाकूड जळते, वाळवी खाते, आणि चांगली तुळई असेल तर पुढच्या पिढीतला माणूस ती काढून दुसऱ्या घराला वापरतो. साक्षीला खुद्द शनिवारवाडाच बोलावतो. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी तिथे आग लागली आणि ती आठवडाभर धुमसत राहिली. आज तट आहे, बुरूज आहेत, दिल्ली दरवाजा आणि त्यावरचा नगारखाना आहे. आत जोती आणि हौद. ज्या घरातून हिंदुस्थानभरचे राजकारण चालले, ते वास्तुशांतीनंतर शंभर वर्षेसुद्धा उभे राहिले नाही. मग १६४० च्या सुमारास कुणा देशमुखाने बांधलेल्या घराने आज आपल्यासाठी उभे राहून साक्ष द्यावी, ही अपेक्षा कोणत्या न्यायाने?

आणि जिथे दगड वापरला होता तिथे साक्ष उरलीही आहे. सिंदखेडराजाला लखुजी जाधवांच्या राजवाड्याचे भव्य प्रवेशद्वार आजही उभे आहे. लखुजी १६२९ मध्ये दौलताबादला मारले गेले. म्हणजे शनिवारवाड्याच्या पायाभरणीआधी शंभर वर्षे. पुण्यातला शहाजीराजांचा लाल महालही घ्या. एप्रिल १६६३ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे शायिस्तेखानावर छापा घातला. त्या छाप्याची हकीकत मुदपाकखाना, जनानखाना आणि मधल्या भिंती यांच्याशिवाय सांगताच येत नाही. मोठे, अनेक दालनांचे, आत-बाहेर अशी विभागणी असलेले मराठी घर तेव्हा होतेच. आणि ते बांधले गेले तेव्हा पुणे हे रहिमतपूरसारखेच एक कसब्याचे गाव होते.

मग पुणे सगळ्याचे उगमस्थान का वाटते? कारण कागद पुण्यात आहेत. पेशवे दप्तर पुण्यात. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून पुण्यात. पण हे कागद मुळात आले कुठून? इतिहासाचार्य राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, तो वाईत हाती आलेल्या कागदांवर. नाना फडणवीसांचे दप्तर मेणवलीच्या वाड्यात होते. ते इतिहास-संशोधक पारसनीसांच्या हाती आले. पारसनीसांनी साताऱ्यात उभारलेल्या संग्रहालयातला साठा पुढे १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. खेड्यापाड्यांतल्या वाड्यांनी शंभर-दीडशे वर्षे कागद सांभाळले, कागद पुण्याला गेले, आणि पुण्यात बसून ते वाचणाऱ्यांना सगळीकडे पुणे दिसू लागले. यात कुणाचा कावा नाही. पण दप्तराचा पत्ता म्हणजे इतिहासाचा उगम नव्हे.

आता साताऱ्याकडे वळू. शाहू महाराजांचा राज्याभिषेक जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यात झाला आणि १७४९ च्या डिसेंबरात तिथेच त्यांचा अंत झाला. ही चाळीस वर्षे मराठी राज्याची गादी साताऱ्यात होती. पेशवा हा गादीचा नोकर. बाळाजी विश्वनाथ १७२० मध्ये वारले ते सासवडला. बाजीरावांनी आपला मुक्काम सासवडहून पुण्याला हलवला तो १७२८ च्या सुमारास. शनिवारवाड्याचे काम दगडात चढत असताना साताऱ्याहून हरकत आली, दगडी वास्तू बांधण्याचा मान छत्रपतींचा, म्हणून पहिल्या मजल्यावर विटा आल्या, अशी एक आख्यायिका आहे. ती खरी की खोटी हा प्रश्न बाजूला ठेवतो. पण ज्यांनी ती रचली त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: पुण्याच्या घराची उंची साताऱ्याच्या मापाने मोजली जात होती. आपली पुस्तके नेमके उलटे मोजतात.

साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर पुस्तकवाल्यांनी पाहिलेली असते, पण ती ‘विहिरी’ या खात्यात टाकून ते मोकळे होतात. शाहू महाराजांच्या विरूबाईंनी ती बांधली. शिलालेखातला काळ शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४. एका वेळी बारा मोटा चालाव्यात अशी ही अष्टकोनी विहीर. ती आमराईला पाणी पुरवी. पण खरी गंमत तिच्या वरच्या अंगाला आहे. विहिरीवर चक्क महाल आहे, कोरीव दगडी खांबांचा, बसायच्या जागेसह. खाली पाणी, वर दरबार. शनिवारवाड्याचा पहिला दगड बसायला तेव्हा अजून सहा वर्षे होती. ज्या प्रांतातल्या कारागिरांना हे साधत होते, ते घर कसे बांधायचे हे शिकायला पुण्याला गेले, असे मानायचे?

आणि लिंबच्याही मागे, जवळजवळ ऐंशी-नव्वद वर्षे मागे, रहिमतपूर उभे आहे.

साहित्यप्रेमींना हे वसंत कानेटकरांचे जन्मगाव म्हणून ठाऊक असते, रेल्वेने जाणाऱ्यांना पुणे-मिरज मार्गावरचे स्टेशन म्हणून. कोरेगाव तालुक्यातले हे बाजारपेठेचे गाव. १८५३ मध्येच इथे नगरपालिका झाली. पण त्याची खरी मिरास आदिलशाहीतली आहे. इथे एक मशीद आहे आणि एक मकबरा. मकबरा विजापूरचा सरदार रणदुल्लाखान याच्या नावाने ओळखला जातो. मुहम्मद आदिलशहाच्या कारकिर्दीतल्या, म्हणजे १६२७ ते १६५६ या काळातल्या कर्नाटकाच्या मोहिमांत शहाजीराजे ज्याच्याबरोबर होते, तोच हा रणदुल्लाखान. आणि मशिदीजवळ आहे हत्तीमोट. १८८५ च्या सातारा गॅझेटियरने तिची दखल घेतली आहे. आमच्या वाडा-पुस्तकांनी घेतलेली नाही.

ही हत्तीमोट जवळून पाहण्यासारखी आहे. सुमारे ५० फूट उंचीचा मनोरा आणि त्याला लागून चढत जाणारी दगडी धाव. साध्या विहिरीवर बैल धावेवरून उतरतात, नाडा ताणला जातो, मोट वर येते आणि थारोळ्यात ओतली जाते. इथे बैलांच्या जागी हत्ती, आणि थारोळे जमिनीलगत न ठेवता मनोऱ्याच्या माथ्यावर. कशासाठी? शेताला पाणी द्यायचे असते तर इतक्या उंचीची गरजच नव्हती. उंची हवी होती ती दाबासाठी. माथ्यावरून पाणी नळांतून खाली येई आणि मशिदीच्या हौदातले कारंजे उडे. पाणी आधी वर चढवायचे, मग बंद नळातून उतरवायचे आणि अंगणात उडवायचे, हे गणित रहिमतपुरात सतराव्या शतकात सुटलेले होते. कात्रजचे पाणी नळाने शनिवारवाड्यात आणले गेले ते नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर. शनिवारवाड्याच्या हजारी कारंज्याचे कौतुक मलाही आहे. पण त्या कौतुकात ‘पहिल्यांदाच’ हा शब्द बसत नाही.

प्रतिपक्षी इथे अडवतील. म्हणतील, मशीद आणि मोट म्हणजे वाडा नव्हे. मान्य. मी तसे म्हणतही नाही. माझे म्हणणे कारागिरांविषयी आहे. पाथरवट, गवंडी, सुतार, चुन्याच्या घाण्यावरचे लोक, पाण्याची पातळी जाणणारे हे एका पिढीत तयार होत नाहीत, आणि धनी बदलला म्हणून नाहीसेही होत नाहीत. १६८६ मध्ये विजापूर पडले. त्या दिवशी या मुलखातल्या सुतारांनी तासणी-किंकरे कृष्णेत सोडून दिली काय? पुढच्या पन्नास-साठ वर्षांत याच पट्ट्यात जे बांधले गेले ते याच घराण्यांच्या हातून बांधले गेले असणार, हे समजायला फार मोठे संशोधन लागत नाही.

आता वाड्याच्या रचनेचाच विचार करू, कारण पूर्वपक्षाचा खरा पराभव तिथे आहे. वाड्याचे चौक का? देवडी, तिच्यावर पहारा. पहिल्या चौकात सदर आणि दफ्तर. मधल्या चौकात माजघर, देवघर, सैपाकघर. मागे गोठा, पागा, बळदे-पेव, परस. बाहेरचा माणूस सदरेपर्यंत, नातलग मधल्या चौकापर्यंत, गडीमाणसे मागल्या दाराने. हा क्रम कुणाच्या गरजेतून आला? ज्याच्या घरी सारा जमा होतो, ज्याच्या ओसरीवर तंटे येतात, ज्याला धान्य साठवायचे आहे आणि रात्री दरोड्याची धास्ती आहे, त्याच्या गरजेतून. म्हणजे वतनदाराच्या. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी ही वतने पेशव्यांनी निर्माण केली नाहीत. आदिलशाही-निजामशाहीच्या आधीपासून ती चालत होती. पुण्यात येऊन राहिलेल्या सरदाराला पुण्याच्या घरात कुठल्या गावचा सारा गोळा करायचा होता? त्याला दरबाराजवळ बिऱ्हाड हवे होते. ते त्याने बांधले, आणि बांधताना गावाकडच्या घराचाच आराखडा शहरात आणला. पुण्याने त्यावर मजले चढवले, नक्षी वाढवली, दिवाणखाने रुंद केले. पुण्याचे श्रेय तेवढे, आणि ते थोडे नाही. पण घराचा सांगाडा पुण्याआधीचा आहे.

सांगाडा म्हटला तो शब्दशः. वाड्याची भिंत कितीही जाड असो, वजन तिच्यावर नसते. जोत्यावर दगडी उथळे, उथळ्यावर खांब, खांबावर हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर कड्या आणि पाट. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. घर किती खणांचे, यावर त्याची ऐपत ठरे. सोपा पाच खणी की नऊ खणी, हे सोयरिकीच्या बोलण्यात निघे. भिंत नुसती आडोशाला. याची कठोर परीक्षा १९९३ च्या किल्लारी भूकंपात झाली. दगडमातीच्या भिंती ढासळल्या, माणसे त्यांखाली गेली. पण अनेक ठिकाणी आतले लाकडी खण उभे राहिलेले दिसले. हा खण मराठवाड्यात आहे, माणदेशात आहे, कृष्णाकाठी आहे, पुण्यातही आहे. पेशव्यांचा अंमल मराठवाड्यातल्या ज्या गावांवर नीट बसलाही नाही, तिथेही आहे. नक्कल इतकी दूर, इतक्या खोल, आणि मूळ धन्याच्या हुकमतीबाहेर जाते का?

छप्पर तर याहून स्पष्ट बोलते. महाबळेश्वरपासून म्हसवडपर्यंत सरळ रेषेत अंतर सुमारे १२० किलोमीटर. एका टोकाला वर्षाचा पाऊस साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास, दुसऱ्या टोकाला पाचशेच्या. जगात इतक्या थोड्या अंतरात पावसाचा असा कडा कोसळलेला फार ठिकाणी दिसत नाही. जावळी-वाईकडचा वाडा उतरत्या छपराचा, पुढे आलेल्या पागोळ्यांचा. माण-खटावात तोच वाडा माळवदाखाली जातो: कड्यांवर पाट किंवा चिवे, त्यावर पालापाचोळा, वर हातभर पांढरी माती चोपून बसवलेली, उजेडाला छपरात साणे आणि वळवाच्या आधी दरसाल मातीचा नवा थर. रहिमतपूर या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात येते. पुण्याचा साचा घेऊन सरदार गावी परतले असते तर साच्याबरोबर छप्परही आले असते. तसे झाले नाही. छप्पर पावसाने ठरवले, भिंत तिथल्या मातीने ठरवली, आणि चौकाची लांबी-रुंदी उन्हाने. गवंड्याने पुण्याकडे पाहिले असेल तर ते महिरपीपुरते.

महिरपीचा आणि सुरूच्या खांबाचा मुद्दा मी टाळणार नाही. ते उत्तरेकडून आले, हे मान्य. शाहजहानी इमारतींत त्यांची कुळी सापडते. पण लाकडी खांबांची उंच सदर हीही उत्तरेचीच देणगी, असे जे ओघात म्हटले जाते त्याचे काय? विजापूरचा असर महाल १६४६ च्या सुमारास बांधला गेला, आधी न्यायकचेरी म्हणून. समोर तळे, तळ्याकडे सगळी बाजू मोकळी, आणि ती मोकळी बाजू पेलणारे अवाढव्य लाकडी खांब. वर रंगवलेली तक्तपोशी. हा काळ मुहम्मद आदिलशहाचा, म्हणजे रहिमतपूरच्या रणदुल्लाखानाचा. दक्षिणेत लाकडी खांबांची दरबारी सदर पुण्याच्या ऐंशी-पंचाऐंशी वर्षे आधी होती, आणि ती ज्या राज्यात होती त्याच राज्यात रहिमतपूर होते. मराठी फौजांनी नर्मदा ओलांडण्यापूर्वीची ही गोष्ट.

शिवाय या भागाने उसने घेतले ते एकट्या उत्तरेकडून नाही. तासगावला परशुरामभाऊ पटवर्धनांच्या गणपती मंदिरापुढे सात मजली गोपुर उभे आहे, अठराव्या शतकाच्या अखेरचे. पटवर्धनांच्या मोहिमा कर्नाटकात; जे तिथे पाहिले ते त्यांनी गावी आणून बांधले. पुण्यात त्या काळी असे गोपुर कुठे होते? पुण्याची नक्कल करणाऱ्यांनी पुण्यात नसलेली वस्तू कुठून आणली? या एका गोपुराने पूर्वपक्षाच्या मुळावर घाव बसतो. साताऱ्या-सांगलीचे धनिक स्वतः पाहत होते, स्वतः निवडत होते, आणि त्यांची निवड नेहमी पुण्याच्या मार्गाने येत नव्हती.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. नमुना पुण्याचा असता तर त्यानंतर परंपरा आटायला हवी होती. घडले काय? साताऱ्यात प्रतापसिंह महाराजांनी १८२४ मध्ये राजवाडा बांधला. त्यांच्या भावाच्या कारकिर्दीत त्याला लागून दुसरा उभा राहिला. भोरचा राजवाडा १८६९ चा, फलटणचा १८७५ चा. पुणे थांबल्यावर पन्नास-साठ वर्षे इकडचे बांधकाम चालूच होते.

आता थोडे पुस्तकांविषयी, कारण चूक त्यांच्या मांडणीत मुरली आहे. फर्ग्युसनचा भारतीय स्थापत्याचा इतिहास १८७६ चा. पर्सी ब्राउनने १९४२ मध्ये दोन खंड केले: एक बौद्ध-हिंदू, दुसरा इस्लामी. या कपाटात रहिमतपूर कुठे ठेवायचे? मकबरा दुसऱ्या खंडात जाईल, देऊळ पहिल्यात, आणि त्याच गल्लीतला वाडा कुठेच नाही, कारण तो देऊळही नाही आणि थडगेही नाही. राहते घर या विद्वानांच्या नजरेला स्थापत्य म्हणून दिसलेच नाही. म. श्री. माट्यांनी १९५९ मध्ये १६५० ते १८५० असा काळ धरून मराठा स्थापत्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले, हे त्यांचे मोठे धाडस. काळाची सुरुवात त्यांनी १६५० ला धरली आहे, हे नंतरच्या चित्रमय पुस्तकांनी सोयीस्करपणे विसरून ती १७३० ला आणून ठेवली.

शेजारच्या गोव्याने हे काम कसे केले ते पाहावे. हेता पंडित आणि अ‍ॅनाबेल मस्कारेन्हास यांचे ‘हाउसेस ऑफ गोवा’ १९९९ मध्ये आले. ते राजधानीच्या एका राजवाड्यापासून निघून खेड्यांकडे उतरत नाही. घर हाच विषय धरून गावोगावची घरे, त्यांचे बलकाव, खिडक्या, अंगणे पाहते. त्यानंतर गोव्यातल्या जुन्या घराकडे पाहण्याची नजर बदलली. आपल्याकडे मराठ्यांचे बांधकाम म्हटले की किल्ला, आणि घर म्हटले की शनिवारवाडा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात सातारा जिल्ह्यातला प्रतापगडही आला. आनंदच आहे. पण किल्ल्यावर राहणारी माणसे आणि किल्ल्याचा खर्च भागवणारी माणसे कुठल्या घरातून येत होती, हा प्रश्न त्या आनंदात कुणी विचारला नाही.

या पुस्तकांचे शेवटचे पान हमखास एका हळहळीवर संपते: वारसांना किंमत नाही, म्हणून वाडे पडले. हेही असेच न तपासलेले मत आहे. वाडा चालत होता तो गावाच्या उत्पन्नावर. परगणा आणि कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली, पाटीलकी त्यानंतर. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ पासून जमीन कसणाऱ्याची झाली. हे व्हायलाच हवे होते. पण त्यानंतर तीन चौकांच्या घरावर दरसाल माती टाकायला, तुळया बदलायला, कौले फिरवायला पैसा कुठून यायचा, याचे उत्तर हळहळणाऱ्यांनी द्यावे. आणि सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात १९४८ च्या फेब्रुवारीत, गांधीजींच्या खुनानंतर, ब्राह्मणांची घरे जाळली गेली. कित्येक वाडे पावसाने पडलेले नाहीत. ते त्या आठवड्यात जळाले. वाड्यांवरच्या पुस्तकात हे वाक्य नसेल तर ते पुस्तक कसला इतिहास सांगते?

यातूनच सर्वांत गंभीर आक्षेप पुढे येतो. तो पुण्याच्या बाजूने नाही, वाड्याच्याच विरोधात आहे. वाडा म्हणजे सरंजामी थाट. वेठीवर उभा राहिलेला. केशवपन केलेल्या बाईचा अंधाऱ्या खोलीत कोंडमारा करणारा. ज्याच्या देवडीपलीकडे अर्ध्या गावाला पाऊल टाकता येत नव्हते. त्याचे कौतुक कशाला? या आक्षेपातला एकही शब्द मी खोडणार नाही. मात्र तो माझ्या बाजूचा पुरावा आहे. कोण कुठल्या दाराने आत येई, कोण कुठल्या उंबऱ्यावर थांबे, बाळंतिणीची खोली कुठे, विटाळशीची कुठे, हे सगळे आराखड्यात कोरलेले आहे. नक्षीदार खांबांची छायाचित्रे ते झाकतात. मोजून काढलेला आराखडा ते उघडे करतो. आणि घराचा अर्थ कायमचा धन्याच्या हाती राहत नाही, हेही साताऱ्यानेच दाखवले. छत्रपतींच्या जुन्या राजवाड्यात पुढे सरकारी शाळा भरू लागली, आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथे भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले.

तेव्हा ज्यांना अजूनही पुण्याचाच पक्ष धरायचा आहे, त्यांच्यासाठी एक सोपी कसोटी ठेवतो. छायाचित्रकाराला घरी ठेवा आणि मोजणी करणारा घेऊन निघा. वाईचे दोन वाडे, रहिमतपूरच्या पेठेतले दोन, म्हसवडकडचे दोन, तासगावचा एक. प्रत्येकाचा खण किती हातांचा, चौकाची लांबी-रुंदी किती, देवडीतून सदर दिसते की नाही, माजघराला दारे किती, छप्पर कुठल्या थरांचे, एवढेच टिपा. शेजारी पुण्यातल्या चार वाड्यांची मापे ठेवा. ही सगळी घरे एकाच साच्यातून निघाली असतील तर मापे जुळतील. ती जुळली तर मी हा सगळा पक्ष सोडून देईन, आणि तसे छापून कळवीन. मोजायला जायचे तर मे महिना बरा. मृगाच्या आधी माळवदावर चढता येते, आणि पावसाळ्यानंतर तेवढे खण जागेवर असतीलच याची हमी कुणी देत नाही.